ब्लिक्सा गवतासारखे दिसते, पण गवत नाही: लावताना या चुका टाळा

माशांच्या टाकीच्या मधल्या पट्ट्यासाठी, म्हणजे पुढची बुटकी रोपे आणि मागची उंच रोपे यांच्यामधल्या जागेसाठी, गवतासारखे काही हवे असले की बहुतेकांची निवड ब्लिक्सा जपोनिका ही पाणवनस्पतीच असते. टोकदार, अरुंद पाने आणि दहा-पंधरा सेंटीमीटर उंचीचा भरगच्च झुबका पाहून कोणालाही ते गवत वाटावे, यात नवल नाही. नावात जपान असले, तरी आपल्या देशासह आशियाच्या मोठ्या भागात भातखाचरांत आणि संथ पाण्यात ते आपोआप उगवते. कुळ मात्र गवताचे नसून हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतींचे आहे. त्यातही व्हॅलिस्नेरिया वाळूखालून धावती खोडे सोडत पसरते, तर ब्लिक्सा तसे करीत नाही; त्याला पानांत दडलेले आखूड खोड असते आणि त्या खोडालाच बाजूने फुटवे येतात. हे लक्षात न घेतल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका घडतात.

पहिली चूक लावणीची. मी प्रथम ब्लिक्सा आणले, तेव्हा दुकानातून आलेली जुडी तशीच्या तशी एका खड्ड्यात खोचली आणि समाधानाने झोपलो. सकाळी निम्मी रोपे फिल्टरच्या तोंडाशी तरंगत होती. या रोपाची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात, पाने हलकी असतात आणि पहिले दोन आठवडे वाळूत पकड अशी नसतेच. त्यामुळे भाताच्या आवणासारखी लावणी करावी: एका चुडात दोन किंवा तीन फुटवे, दोन चुडांत तीन-चार सेंटीमीटर अंतर. मुळे साधारण दोन सेंटीमीटर ठेवून बाकीची कापावीत, खोडाच्या तळाची पिवळी पाने काढावीत, आणि चिमट्याची टोके खोडाला समांतर धरून रोप तिरपे खुपसावे. खरी गोम चिमटा बाहेर काढण्यात आहे. तो सरळ वर ओढला की रोपही त्याच्याबरोबर येते. पकड सैल करून, किंचित हलवत, ज्या तिरप्या वाटेने आत नेला त्याच वाटेने तो मागे घ्यावा. लावणीच्या वेळी टाकीत पाणी थोडेच ठेवले, तर काम निम्म्याने सोपे होते. तळाला एक-दोन मिलिमीटर दाण्याची वाळू किंवा अ‍ॅक्वासॉइल (टाकीतल्या रोपांसाठीची पोषक, दाणेदार माती) किमान पाच सेंटीमीटर जाडीने असावी. रंगीत खड्यांत हे रोप टिकत नाही.

दुसरी चूक छाटणीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महाग पडते. झुबका वाढला की हिरवळ कापावी तशी वरून कात्री फिरवली जाते. कापलेले पान पुन्हा वाढत नाही. त्याचे टोक तपकिरी होते आणि त्यावर शेवाळ बसते. ब्लिक्साची उंची कमी करायची असेल, तर पाने न कापता खोडाचा हिशेब करावा लागतो. दोन-तीन महिन्यांत झुबका दाटला की बाहेरच्या बाजूचे, स्वतःची मुळे फुटलेले फुटवे अंगठा आणि तर्जनी यांत धरून मूळ खोडापासून अलगद मोडावेत आणि नव्याने लावावेत. हे काम टाळत राहिल्यास आतल्या भागात प्रकाश पोचत नाही, जुन्या खोडाचा तळ काळवंडून कुजतो आणि एके दिवशी अख्खा झुबका टोपीसारखा वर येतो. मात्र सगळा पट्टा एकाच दिवशी उपटू नये. अ‍ॅक्वासॉइल ढवळले गेल्यावर त्यातला अमोनिया पाण्यात उतरतो आणि मासे धापा टाकू लागतात. म्हणून अर्धा पट्टा आज, अर्धा तीन आठवड्यांनी, आणि प्रत्येक वेळी लगेच निम्मे पाणी बदलावे.

पाण्याच्या बाबतीत ब्लिक्सा मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी पसंत करते. मुंबईत धरणांचे पाणी मऊ असल्याने क्लोरीन काढणे एवढीच काळजी पुरते; बोअरच्या जड पाण्यावर मात्र रोप खुरटते. कधी पाणी चांगले असूनही टाकीतले दगड ते जड करतात. शंका असलेल्या कोरड्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावे. फेस आला, तर तो दगड बाहेर ठेवावा. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून टाकीत ओतणारेही भेटतात, पण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, हे खरे. परंतु उडालेल्या पाण्याची भरपाई बोअरच्या पाण्याने केल्यास क्षार साठत जातात. ही भरपाई आरओच्या शुद्ध पाण्यानेच करावी. पाणी दीर्घकाळ तीस अंशांच्या वर राहिले, तर रोप पाने गाळू लागते.

रोप खुरटलेले पाहून दिवे वाढवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा उपाय होय. कार्बन डायऑक्साइड पुरेसा नसताना प्रकाश वाढवला, तर फायदा शेवाळाला होतो. दिवे सहा ते आठ तास पुरेत. हा वायू दिव्यांच्या आधी तासभर सुरू करावा आणि ड्रॉप चेकर (पाण्यात हा वायू किती आहे ते रंगाने दाखवणारी छोटी कुपी) हिरवा राहील एवढाच सोडावा. त्याऐवजी बाटलीतला ‘द्रव कार्बन’ वापरणाऱ्यांनी जपावे, कारण त्यातील ग्लुटाराल्डिहाइडने याच कुळातली व्हॅलिस्नेरिया वितळते. लक्षणे पानांच्या वयावरून वाचावीत: नवी पाने फिकट पडली, तर लोह कमी, जुनी पिवळी पडली, तर नायट्रोजन कमी, पाने लांब, विरळ आणि लोळलेली, तर प्रकाश कमी. तांबूस-सोनेरी झाक मात्र आजार नव्हे; भरपूर प्रकाशात ती येतेच.

गोल्डफिश ठेवायचे असतील, तर ब्लिक्साचा नाद सोडावा. भातखाचरातून रोपे आणणाऱ्यांनी ती महिनाभर वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवावीत, कारण फवारणीच्या अंशानेही कोळंबी मरते. छाटणीतून उरलेली रोपे विहिरीत किंवा ओढ्यात न टाकता उन्हात वाळवून कुंडीत घालावीत.