गावचं खाणं रेडिओवर सांगताय? या चुका टाळा

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडहून एफएम ९०.४ वर ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून चालते. सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळहून ९१.२ वर ‘येरळावाणी’ लागते. दोन्ही मुलूख अवर्षणाचे. हुलगा, मटकी, बाजरी, शाळू (रब्बी ज्वारी) ही तिथली रोजची पिकं, कारण कमी पावसात तीच हाती लागतात. अलीकडे बचत गटाच्या बायका, घरचं बियाणं राखणारी कुटुंबं, सेंद्रिय शेती करणारी पोरं अशा रेडिओवर बोलायला लागली आहेत. त्यांच्यासोबत रेकॉर्डर घेऊन मी बरीच हिंडले. बहुतेक कार्यक्रम त्याच त्या ठिकाणी फसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे “बाजरी पौष्टिक आहे, बाजरी खा” एवढंच सांगून थांबणं. माणदेशातल्या बाईला बाजरीचं कौतुक नवं नाही. ती आईच्या हातची बाजरीची भाकरी खाऊनच वाढली. तिच्या घरातून बाजरी का गेली, ते विचारा. उत्तरं साधी असतात. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. भाकरी थापायला वेळ लागतो, मुलं चपाती मागतात. आणि बाजरीचं पीठ आठवड्या-दहा दिवसांत कडू लागतं. हे शेवटचं कारण रेडिओवर कुणी बोलतच नाही. बाजरीत गव्हापेक्षा स्निग्धांश जास्त असतो, दाणा दळला की तो उघडा पडतो आणि खवट व्हायला लागतो. पंधरा दिवसांचं दळण एकदम आणलं की भाकरी कडू होणारच, आणि दोष बाजरीच्या माथी बसतो. म्हणून कार्यक्रमात स्पष्ट सांगा: दळण थोडं थोडं आणा, उन्हाळ्यात तर चार-पाच दिवसांपुरतंच. भाकरी चिरत असेल तर पीठ शिळं आहे का ते आधी बघा, मग कडकडीत पाण्यात उकड घेऊन चांगली मळा. हे ऐकून बाई दुसऱ्या दिवशी भाकरी करून बघेल. नुसतं “पौष्टिक” ऐकून ती रेडिओचं बटण फिरवेल.

माप हा दुसरा घोळ. एका आजींनी हुलग्याचं माडगं (पिठाची पातळ पेज) फार सुंदर सांगितलं, पण पाणी “तांब्याभर” आणि पीठ “मूठभर”. ऐकणाऱ्यांनी फोन करून विचारलं, तांब्या केवढा? तेव्हापासून आम्ही रेकॉर्डिंगच्या वेळी वाटी समोर ठेवतो. आजींना त्यांच्याच शब्दांत बोलू द्यायचं, चिपटं, मापटं, शेर काहीही म्हणू द्यायचं, आणि मागून निवेदकाने वाटीत सांगायचं. माडग्यात गुठळ्या का होतात तेही तिथेच सांगून टाका: हुलगे भाजून दळलेलं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गोळे होतात. आधी गार पाण्यात कालवा, मग उकळीत ओता आणि हलवत राहा.

बियाण्याच्या कार्यक्रमांत हंगाम चुकतो, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. शाळूची पेरणी साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. गावरान शाळूचा कार्यक्रम संक्रांतीला लावून काय उपयोग? हुरड्याच्या दिवसांत रेकॉर्ड करा, कारण तेव्हा शेतात माणसं असतात, गप्पा रंगतात. पण तो ऑगस्टच्या शेवटी लावा. आणि ऐकणाऱ्याने बी कुठून घ्यायचं, ते शेवटी सांगितलंच पाहिजे. कुणाच्या घरी पायलीभर जास्तीचं असेल तर त्यांची परवानगी घेऊन, गावाचं नाव आणि वेळ द्या. बी देण्याआधी उगवण तपासायलाही शिकवा: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ओल टिकवायची, चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे. ज्वारी-बाजरीचे ७५ पेक्षा कमी उगवले तर ते बी पुढे देऊ नका. बाजरीत परागीकरण शेजारच्या शेतातूनही होतं, त्यामुळे शेजारी संकरित वाण असेल तर तुमचं गावरान शुद्ध राहत नाही, हेही न लपवता सांगा. हुलग्याला ही अडचण जवळजवळ नाही.

बाई माईकसमोर गप्प का बसते? बहुतेक वेळा आजूबाजूला चार पुरुष बसलेले असतात आणि माईक तोंडासमोर नाचत असतो. तिच्या स्वयंपाकघरात जा, हात कामात असू द्या. भाकरी थापता थापता ती सहज बोलते. माईक हनुवटीपासून वीतभर लांब, थोडा तिरका. पंखा बंद करा, मोबाईल बंद ठेवा, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या. भाकरी थापल्याचा आवाज मात्र राहू द्या, ऐकणाऱ्याला तो ओळखीचा असतो. बाहेर शेतात वारा असेल तर माईकवर स्पंज लावा आणि पाठ वाऱ्याकडे करून उभे राहा.

“आमच्याकडे रेडिओ लागतच नाही” ही तक्रार आली तर लगेच केंद्राला दोष देऊ नका. कम्युनिटी रेडिओला, म्हणजे अशा गावच्या छोट्या केंद्रांना, साधारणपणे १०० वॅटपर्यंतच परवानगी असते, आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, आणि मधे डोंगर आला की पलीकडच्या वाडीला ऐकू येत नाही. मोबाईलवर ऐकणाऱ्याने वायरवाला इअरफोन लावलाय का, हे आधी विचारा. बहुतेक फोनमध्ये ती वायरच अँटेनाचं काम करते. डोंगरामागच्या वाडीसाठी आम्ही कार्यक्रम पेन ड्राइव्हवर देतो आणि बचत गटाच्या बैठकीत स्पीकरवर लावतो. तिथे तो थांबवून थांबवून ऐकता येतो, आणि माडग्याची वाटी पुन्हा विचारता येते.

संपर्काचा नंबर द्यायचा असेल तर तो सावकाश दोनदा सांगा, आणि दोन वेळांमध्ये थोडं थांबा. भाकरी करणारीचे हात पिठाचे असतात, तिला पेन शोधायला वेळ लागतो.