शिडाच्या बोटीवर नांगर बांधताना या चुका टाळा

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या शिडाच्या बोटीवर नांगर पक्का बांधला आहे की नाही, हे सहसा लक्षात येत नाही. पावसाळा सरल्यावर दुपारी सुटणारा वायव्येचा वारा पाठीशी असतो आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, फारशी आपटत नाही. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते, कारण तेव्हा त्याच वाऱ्याच्या तोंडावर बोट उत्तरेकडे काढायची असते, नाळ वारंवार लाटेत शिरते आणि नाळेच्या टोकाशी रोलरवर (साखळी ज्यावरून सरकते त्या चाकावर) ठेवलेल्या नांगराला प्रत्येक लाटेचा दणका बसतो. दहा-अकरा मीटर लांबीच्या बोटीवरचा नांगर साधारण १५ ते २० किलोंचा असतो. तो हलू लागला तर पुढे काय होईल, याचा विचार बंदरातच केलेला बरा.

पुढच्या केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला डोक्यावर ठक-ठक असा आवाज ऐकू येणे, ही सर्वांत सामान्य तक्रार आहे. पुष्कळांना वाटते की नांगर फक्त पुढे घसरून पाण्यात पडू शकतो, आणि म्हणून रोलरच्या दोन्ही गालांतून आरपार जाणारी पिन घातली की काम झाले. प्रत्यक्षात लाट नांगराच्या फाळाला, म्हणजे तळात रुतणाऱ्या पात्याला, खालून वर ढकलते. त्यामुळे दांडा रोलरवरून उचलला जाऊन पिनेवर आदळतो, आणि नाळ पाण्याबाहेर आली की पुन्हा रोलरवर पडतो. दांडा आणि पिन यांच्यात बोटभर जरी फट असली, तरी रात्रभराच्या आपटण्याने पिन वाकते, तिची भोके रुंदावतात आणि रोलरचे बोल्ट सैल होऊन डेकमधून पाणी झिरपू लागते. अशा वेळी फटीत कठीण प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचर बसवावी. तिला भोक पाडून दोरी ओवावी, नाहीतर पहिल्या लाटेबरोबर ती समुद्रार्पण होईल. शिवाय दांड्याचे मागचे टोक दोन्ही बाजूंच्या क्लीटना (दोर बांधायच्या डेकवरच्या खुंट्यांना), खाली आणि मागे ताण येईल अशा रीतीने, वेगळे बांधावे. दांड्याला सांधा असलेला जुन्या घडणीचा सीक्यूआर नांगर असेल, तर फाळालाही स्वतंत्र दोर लागतो. दांडा कितीही आवळला तरी सांध्यापुढचा भाग डुलतच राहतो.

बांधणीसाठी हाताशी असलेला नायलॉनचा दोर वापरणे ही दुसरी चूक होय. नायलॉनचा लवचीकपणा नांगर टाकल्यावर उपयोगी पडतो, पण बांधणीत तोच नडतो. ओला झालेला नायलॉन ताणतो आणि संध्याकाळी घट्ट वाटलेली गाठ पहाटे सैल सापडते. कमी ताणणारा पॉलिएस्टरचा ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा दोर घ्यावा, तो तीन-चार वेढ्यांनी आवळावा आणि धातूच्या कडेवर घासत असेल तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवावा. रबरी हुकाच्या पट्ट्या या कामाच्या नव्हेत. दोर कठड्याच्या खांबाला बांधण्याचा मोहही आवरावा; हे खांब माणसाला आधार देण्यासाठी असतात आणि रात्रभराच्या हिसक्यांनी त्यांची बूड ढिली होतात.

विंडलासवर, म्हणजे नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्रावर, भिस्त ठेवणे ही मात्र सर्वांत महाग पडणारी चूक आहे. साखळी विंडलासवर घट्ट ओढून क्लच आवळला की नांगर जागचा हलणार नाही, असे वाटते खरे. पण क्लच केवळ घर्षणाने धरतो आणि सततच्या हिसक्यांनी तो घसरू शकतो. विंडलासचे काम साखळी ओढण्याचे आहे, सफरभर भार सहन करण्याचे नाही. तो भार डेकवर बोल्टने पक्क्या केलेल्या, साखळी अडवून धरणाऱ्या चेन स्टॉपरवर किंवा साखळीत अडकवून क्लीटला बांधलेल्या हुकावर द्यावा. विजेवर चालणाऱ्या विंडलासचा मुख्य ब्रेकर समुद्रात असताना बंदच ठेवावा. डेकवरच्या पायबटणावर कुणाचा पाय पडतो, किंवा बटणात खारे पाणी शिरून गंज चढतो, आणि मग विंडलास आपल्या मर्जीने फिरू लागतो.

एवढे बांधल्यावर उलट चूक होते, ती म्हणजे नांगर वेळेवर सुटतच नाही. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडले आणि ओहोटी बोटीला खडकांकडे नेऊ लागली, तर नांगर टाकायला मिनिटभराचीही सवड मिळत नाही. म्हणून बांधणीचा शेवट निरगाठीने न करता सुरगाठीने करावा, तिचे मोकळे टोक क्लीटवर गुंडाळावे आणि नाळेजवळ धारदार सुरी कायम ठेवावी. जयगड किंवा दाभोळच्या खाडीत शिरण्यापूर्वी, बाहेर पुरेसे पाणी असतानाच, दोर सोडून फक्त पिन ठेवावी. ती ओल्या हाताने, अंधारात, एकट्याला काढता येते का, हे आधी करून पाहावे.

दुसरा, राखीव नांगर बहुधा डॅनफोर्थ जातीचा असतो, कारण तो सपाट असल्याने डेकवर मावतो. त्याची खोबण नुसत्या स्क्रूने बसवू नये. डेकखाली पट्टी देऊन आरपार बोल्ट लावावेत. त्याचे हलते फाळ दांड्याशी आवळून बांधावेत, म्हणजे बोटे चिमटणार नाहीत आणि जिबचे (पुढच्या शिडाचे) दोर त्यात अडकणार नाहीत.

लांबच्या सफरीत नांगर नाळेवर ठेवण्याची गरजच नसते. भारतीय नौदलाचे तत्कालीन अधिकारी अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून मुंबई ते मुंबई अशी कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. सफर तितकी मोठी नसली, तरी आठवडाभर किनारा दिसणार नसेल अशा सफरीतही नांगर साखळीपासून सोडून खाली, बोटीच्या मध्याजवळ बांधणे श्रेयस्कर. मात्र इथे एक छुपा घोटाळा होतो. सुकाणू आपोआप धरणाऱ्या ऑटोपायलटचा होकायंत्र-सेन्सर पुष्कळदा केबिनच्या एखाद्या कपाटात असतो आणि पोलादी नांगर त्याच्या शेजारी विसावला की बोट काही अंश भलत्याच दिशेला जाऊ लागते. नांगर हलवल्यानंतर दिशा चुकत असेल, तर ऑटोपायलट उघडण्याआधी नांगराची जागा बदलून पाहावी.

नांगर काढल्यावर साखळी नाळेतल्या साखळीच्या खोलीत नेणारे उघडे भोक चिंध्यांनी किंवा झाकणाने बंद करावे, नाहीतर नाळेवर येणारे पाणी थेट आत जाते. खोलीच्या तळाचे निचऱ्याचे छिद्र खाडीच्या गाळाने बुजते, त्यामुळे साखळी वर घेतानाच धुवावी. ८ मिलिमीटरची ५० मीटर साखळी सुमारे ७० किलो भरते. तिच्यावर साचलेले पाणीही नाळेला आणखी खाली दाबते. साखळीचे शेवटचे टोक खोलीत पोलादी शॅकलने (कडीने) न अडकवता मजबूत दोराने बांधावे, आणि तो दोर डेकपर्यंत येईल इतका लांब ठेवावा, म्हणजे सगळी साखळी सोडून निघण्याची वेळ आली तर तो वरूनच कापता येतो.