मल्टिमीटरवरच्या शून्यावर विश्वास कधी ठेवावा? घरातील विजेच्या सुरक्षित मोजमापाची पद्धत

गिझर तापत नाही म्हणून त्याचे झाकण उघडले, डिजिटल मल्टिमीटरचे दोन प्रोब हीटिंग एलिमेंटच्या दोन टर्मिनलांना लावले आणि पडद्यावर शून्य आले, तर 'येथे वीज पोहोचतच नाही' असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात आणि तार सोडवायला हात पुढे करतात. वस्तुतः त्या शून्याचा अर्थ एवढाच असतो, की त्या दोन बिंदूंच्या विद्युतदाबात फरक नाही. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार पाठीमागे कोठेतरी तुटलेली असेल, किंवा वायरिंग करताना स्विच फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रलवर बसवला गेला असेल, तर फेजचा दाब एलिमेंटमधून पलीकडच्या टर्मिनलवरही येतो. दोन्ही टर्मिनलांवर २३० व्होल्ट असतात, दोहोंतील फरक शून्य असतो, आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात त्यांपैकी कोणत्याही एकाला लागला तर प्राणघातक धक्का बसू शकतो. मल्टिमीटर कसा वापरावा हे शिकताना दाब किती आहे हे वाचता येणे सोपे असते. दाब नाही याची खात्री करणे अवघड असते, आणि जीव त्यावरच अवलंबून असतो.

खोटे शून्य येण्याची कारणे मीटरच्या आतही असतात. नॉब चुकून डीसी व्होल्टवर राहिला असेल तर घरातल्या एसी पुरवठ्यावर मीटर शून्याच्या आसपासचाच आकडा दाखवतो, कारण एका सेकंदात ५० आवर्तने करणाऱ्या त्या दाबाची सरासरी शून्य असते. लीडची, म्हणजे मीटरपासून प्रोबपर्यंत जाणाऱ्या केबलची, तार प्रोबच्या मुठीपाशी आतून तुटलेली असू शकते. आधीच्या मोजमापात 'होल्ड'चे बटण दाबले गेले असेल तर पडदा जुनाच आकडा धरून बसतो. म्हणून जगभरातले जबाबदार तंत्रज्ञ तीन टप्प्यांचा नियम पाळतात: वीज नक्की आहे अशा एखाद्या सॉकेटवर मीटर आधी तपासायचा, मग ज्या ठिकाणी काम करायचे तेथे मोजायचे, आणि त्यानंतर पुन्हा त्या पहिल्या सॉकेटवर मीटर तपासून घ्यायचा. दोन्ही वेळा मीटरने २३० च्या आसपास आकडा दाखवला, तरच मधले शून्य ग्राह्य धरायचे. या तिसऱ्या टप्प्याचा कंटाळा करणारे अनेक चांगले वायरमन मी पाहिले आहेत. परंतु लीड नेमकी मधल्या मोजमापाच्या वेळी तुटली, तर ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

मोजणेही एकाच जोडीवर थांबवू नये. फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तिन्ही जोड्या मोजाव्यात. वर सांगितलेल्या गिझरमध्ये एलिमेंटच्या दोन टर्मिनलांमध्ये शून्य येईल, पण प्रत्येक टर्मिनल आणि अर्थिंग यांच्यामध्ये २३० येईल आणि दोष तत्काळ उघडा पडेल. मात्र त्यासाठी अर्थिंगची तार स्वतः शाबूत असायला हवी, याचेही भान ठेवावे. आपल्याकडे आणखी एक सापळा असतो. भारनियमनाच्या काळापासून अनेक घरांत इन्व्हर्टर बसलेले आहेत. मेन स्विच बंद केला की घर बंद झाले असे वाटते, परंतु पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टर सुरू होतो आणि दिवे-पंख्यांच्या तारांत वीज पुन्हा खेळू लागते. म्हणून मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करून मगच शून्याची खात्री करावी.

मीटर आणि लीड

मीटरवर व्होल्टच्या आकड्याशेजारी 'कॅट' अशी इंग्रजी अक्षरे आणि त्यांच्यापुढे रोमन आकड्यांत दोन, तीन किंवा चार लिहिलेले असते. ही आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकातली वर्गवारी आहे. सॉकेटला लावलेल्या उपकरणांवर मोजण्यासाठी कॅट दोन, घरातल्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डावर आणि पक्क्या वायरिंगवर मोजण्यासाठी कॅट तीन, आणि इमारतीत वीज प्रवेश करते तेथे, म्हणजे वीजमीटर आणि सर्व्हिस केबलपाशी, कॅट चार. वीज कडाडताना किंवा मोठी मोटर बंद होताना तारांत काही मायक्रोसेकंदांपुरता हजारो व्होल्टांचा लोट येऊ शकतो. त्या क्षणी मीटर हातात फुटू नये, एवढ्यासाठी ही वर्गवारी असते. म्हणून 'माझ्या मीटरवर ७५० व्होल्ट लिहिले आहे, घरात तर २३० च आहेत' हा युक्तिवाद पुरेसा नाही. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा पिवळा मीटर बॅटरीवर चालणारी खेळणी, सेल आणि सर्किट बोर्ड यांसाठी चांगला आहे. डिस्ट्रिब्यूशन बोर्डावर तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लीडलाही हीच वर्गवारी लागू होते: कॅट तीनच्या मीटरला फुटपाथवरची पातळ लीड लावली तर साऱ्या जोडणीची क्षमता त्या लीडएवढीच राहते. प्रत्येक वापराआधी लीड बोटांवरून वाकवून पाहावी, आणि आतले तांबे किंवा आतल्या थराचा वेगळा रंग दिसला तर ती लीड टाकून द्यावी. चिकटपट्टी गुंडाळून वापरू नये.

अँपिअरचे छिद्र

मल्टिमीटरच्या अपघातांतला सर्वांत घातक प्रकार फार साध्या विसरण्यातून होतो. काळी लीड नेहमी 'कॉम' लिहिलेल्या छिद्रात असते. लाल लीडसाठी मात्र दोन किंवा तीन छिद्रे असतात: एक व्होल्ट आणि ओहमसाठी, दुसरे १० अँपिअरसाठी, आणि काही मीटरांत मिलिअँपिअरसाठी वेगळे. व्होल्टच्या छिद्रातून मोजताना मीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे २३० व्होल्टांवरही त्यातून जेमतेम २३ मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. अँपिअरच्या छिद्रामागे मात्र तांब्याच्या जाड तारेसारखा, एका ओहमच्याही अगदी लहान अंशाएवढा रोध असतो, कारण प्रवाह मोजताना मीटर स्वतः तारेचा भाग बनायचा असतो. काल बॅटरीचा प्रवाह मोजला, लाल लीड त्याच छिद्रात राहिली, आणि आज तेच प्रोब सॉकेटमध्ये घातले, तर आपण फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना जोडतो. नॉब व्होल्टवर असला तरी हा शॉर्टसर्किट होतोच. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला, उच्च क्षमतेचा सिरॅमिक फ्यूज असतो आणि तो हा प्रवाह आतल्या आत तोडतो. स्वस्त मीटरवर १० अँपिअरच्या छिद्राशेजारी बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' लिहिलेले असते, म्हणजे तेथे संरक्षण मुळीच नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा काचेचा साधा फ्यूज बसवणे म्हणजे चांगला मीटरही धोकादायक करून ठेवणे होय.

घरातल्या एसी उपकरणाचा प्रवाह मोजायचा असेल तर तार तोडून मीटर मध्ये घालण्यापेक्षा क्लॅम्प मीटर वापरावा. तो एकाच तारेभोवती बसवायचा असतो; फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या जबड्यात एकदम आले तर त्यांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात आणि येथेही खोटे शून्य दिसते.

सॉकेट मोजताना

हात आणि पाय कोरडे असावेत, पायात रबरी तळाची चप्पल असावी, हातातली अंगठी आणि धातूचे कडे काढून ठेवावे. नॉब एसी व्होल्टवर, म्हणजे नागमोडी रेघेच्या खुणेवर, ठेवावा आणि रेंज स्वतः निवडायची असेल तर सर्वांत मोठीपासून सुरुवात करावी. बोटे प्रोबच्या कठड्यामागेच राहिली पाहिजेत. काळा प्रोब आधी लावावा, लाल नंतर. काढताना लाल आधी काढावा, म्हणजे मोकळ्या प्रोबच्या टोकावर दाब येत नाही. शक्य तेथे काळ्या प्रोबला क्रोकोडाइल क्लिप लावून एकाच हाताने मोजावे, कारण दोन हातांमधून जाणारा प्रवाह छातीतून जातो.

आपल्या तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून पाहिले, की वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे असते. फेज-न्यूट्रल दाब २३० च्या दहा टक्के वर-खाली, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्टांच्या दरम्यान, असेल तर काळजी नाही. फेज-अर्थिंगचा आकडाही जवळपास तेवढाच यावा. न्यूट्रल-अर्थिंगमध्ये एक-दोन व्होल्ट येणे स्वाभाविक आहे. तो आकडा पाचाच्या बराच पुढे गेला, तर न्यूट्रलची जोडणी सैल असण्याची किंवा अर्थिंग बिघडले असण्याची शंका घ्यावी. डाव्या छिद्रात फेज सापडला तर तारा उलट जोडलेल्या आहेत. फेज-न्यूट्रल दाब तीनशेच्या वर दिसला तर बहुधा थ्री-फेज पुरवठ्याचा न्यूट्रल तुटलेला असतो. अशा वेळी क्षणही न दवडता मेन बंद करावा आणि वीज कंपनीला कळवावे, अन्यथा घरातले फ्रिज-टीव्ही जळतात.

एखाद्या वापरात नसलेल्या तारेवर ४० किंवा ९० असा विचित्र आकडा येतो. शेजारच्या चालू तारेचा तो केवळ प्रभाव असू शकतो, कारण मीटरचा रोध फार मोठा असल्याने असा दुबळा दाबही त्याला जाणवतो. काही मीटरांत कमी रोधाने मोजण्याची सोय असते; त्यावर असा आकडा कोसळतो. पण खात्री होईपर्यंत ती तार चालूच समजावी.

रोध आणि कंटिन्युइटी (तार सलग आहे की नाही) मोजताना वीज पूर्ण बंद आणि प्लग काढलेला हवा. येथे थोडे गणित उपयोगी पडते: २००० वॉटच्या गिझरचे एलिमेंट चांगले असेल तर सुमारे २६ ओहम दाखवते आणि १००० वॉटची इस्त्री सुमारे ५३. एलिमेंट आणि गिझरचे धातूचे अंग यांच्यामध्ये मीटरने रेंजबाहेरची खूण, म्हणजे 'ओएल' किंवा डावीकडचा एकटा एक, दाखवला पाहिजे. तथापि मल्टिमीटर ही तपासणी अगदी कमी व्होल्टांवर करतो, त्यामुळे ओलाव्याने होणारी गळती त्यातून निसटू शकते. त्यासाठी वायरमनकडचा ५०० व्होल्टांचा मेगर, म्हणजे उच्च दाबावर गळती तपासणारा मीटर, हवा. कंटिन्युइटीची शिटी वाजली म्हणजे अर्थिंग चांगले, असेही मानू नये. तार जमिनीपर्यंत अखंड आहे एवढेच त्यातून कळते, खड्ड्यातले अर्थिंग कोरडे पडले आहे का हे कळत नाही.

प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, दाब शिल्लक राहतो. एलईडी टीव्ही, संगणक आणि इन्व्हर्टर एसी यांच्या पॉवर सप्लायमध्ये तो ३२५ व्होल्ट डीसी किंवा त्याहूनही अधिक असू शकतो, म्हणून काही मिनिटे थांबून डीसी व्होल्टवर मोजावे आणि आकडा खाली आल्यावरच पुढे जावे. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आत मोजू नये. तेथला दाब हजारो व्होल्टांचा असतो आणि घरगुती मीटर त्यासाठी बनलेला नाही. छतावरच्या सौर पॅनेलच्या डीसी तारांनाही, उन्हात असताना, हात लावू नये, कारण तेथे पेटलेला आर्क, म्हणजे हवेतून सलग वाहणारी ठिणगी, सहजासहजी विझत नाही. वीजमीटरचे सील तोडून आत मोजण्याचा अधिकार ग्राहकाला नाही.

पडद्यावर बॅटरीची खूण दिसू लागली की सेल लगेच बदलावा, कारण उतरलेल्या सेलवर काही मीटर खरा नसलेला आकडा दाखवतात. मोजून झाल्यावर लाल लीड व्होल्टच्या छिद्रात परत घालावी, नॉब बंदवर न्यावा, आणि मगच मीटर डब्यात ठेवावा.