इलेक्ट्रिक गाडी परवडते का? आधी लाईट बिल काढा, मग शोरूमला जावा

आमचे दाजी गेले सहा महिने इलेक्ट्रिक कार घ्यायची म्हणून मागं लागलेत, रोज एक व्हिडिओ पाठवतात आणि खाली एकच वाक्य, "एक रुपयात एक किलोमीटर म्हणतेत बघ". मी दोन वर्षं झाली ई.व्ही. चालवतोय, जुळे सोलापुरातनं चिंचोळी एमआयडीसी, रोज जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर. एक रुपया बिया काही नसतंय. शेवटी एका रविवारी त्यांना वही घेऊन बसवलं आणि सगळा हिशोब मांडला, तोच इथं टाकतोय.

पहिलं काम म्हणजे तुमची गाडी महिन्याला खरंच किती पळते ते काढा. अंदाजानं नको, मागच्या दोन सर्व्हिसिंगची बिलं काढा, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात, वजाबाकी करा आणि मधल्या महिन्यांनी भागा. दाजी छाती ठोकून हजार म्हणत होते, निघाले ४५०. घर ते दुकान, कधीतरी तुळजापूर, अक्कलकोट, एखादी पंढरपूरची खेप, बास.

मग पेट्रोलचा किलोमीटरचा खर्च. कंपनीचं मायलेज सोडून द्या, सात रस्ता आणि आसरा चौकातल्या ट्रॅफिकमधलं धरा. टाकी फुल करा, चालवा, परत फुल करा, किती लिटर बसलं बघा. मी १५ चं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरतो, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. तुमच्या पंपावर जो भाव असेल तो टाका.

आता खरा खेळ, लाईट बिल. इथंच सगळे चुकतात. लोक काय करतात, एकूण बिलाला युनिटनी भागतात आणि तोच दर गाडीला लावतात. तसं नाही चालत, कारण महावितरणचे घरगुती स्लॅब असतात, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर, आणि प्रत्येक टप्प्याला दर चढत जातो. घराचे युनिट आधीच खालचे स्लॅब खाऊन बसलेले असतात, गाडीचे युनिट त्यांच्या डोक्यावर जाऊन पडतात, म्हणजे गाडीला नेहमी महागडी वीज. शिवाय वहन आकार (तारांवरनं वीज आणण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या भावानं कमीजास्त होणारा) आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क, हे सगळं मिळवूनच दर धरा.

उदाहरण घ्या. घराला महिन्याला २२० युनिट लागतात. गाडी बॅटरीतनं युनिटला ७ किलोमीटर देते असं धरा, पण चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून मीटरवरच्या युनिटला ६ च धरा. हजार किलोमीटरला झाले १६७ युनिट. त्यातले ८० युनिट ३०० पर्यंतच्या स्लॅबमध्ये बसतात, उरलेले ८७ वरच्यात. समजा सगळं धरून खालचा दर १४ आणि वरचा १९ पडतोय, तर ११२० अधिक १६५३, म्हणजे २७७३ रुपये, किलोमीटरला पावणेतीन रुपयांच्या आसपास. पेट्रोलच्या निम्म्याहून कमीच आहे हो, पण एक रुपया नाही! उन्हाळ्यात घरात एसी लागला की गाडीचे सगळेच युनिट वरच्या स्लॅबला जातात. गाडीसाठी वेगळं मीटरही घेता येतं आणि त्याचा दर वेगळा असतो, तुमच्या भागातल्या महावितरण ऑफिसात जाऊन विचारा, स्थिर आकार, म्हणजे वापर असो-नसो दर महिन्याला लागणारा, तो धरून परवडतंय का बघा.

किंमतीतला फरक काढताना एक्स-शोरूम बघू नका, दोन्हीचं ऑन-रोड कोटेशन समोर ठेवा. ई.व्ही.ला जीएसटी ५ टक्के आणि महाराष्ट्रात वाहन कर माफ, तर पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के वाहन कर आहे. पण २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ वर आला, त्यामुळं जुन्या व्हिडिओतले हिशोब आता फेकून द्या.

समजा फरक अडीच लाखांचा. माझ्यासारख्या महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे ४२०० वाचतात, वर्षाचे पन्नास हजार, म्हणजे पाच वर्षांत फरक फिटला. आता दाजींचे ४५०. त्यांचे ७५ च युनिट लागतात, ते खालच्याच स्लॅबमध्ये बसतात, तरी महिन्याला वाचतात जेमतेम २१००. अडीच लाख फिटायला दहा वर्षं!

आणि कर्ज काढून घेणार असाल तर त्या अडीच लाखावर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत ६१ हजारांच्या वर व्याज जातं. हे धरलं की माझी पाच वर्षं सहाच्या पुढं गेली आणि दाजींची बाराच्या. दाजी गप्प. बायकोनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढं ठेवली म्हणून विषय जरा थांबला.

सोलर असेल तर गणित बदलतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, आणि एवढं पॅनल रोज सरासरी १२ युनिटच्या आसपास देतं, आपल्याकडं ऊन काय कमी आहे का. गाडी दिवसा कामावर असली तरी नेट मीटरमुळं दिवसाचे युनिट रात्री वळते होतात. फक्त वीज फुकट म्हणू नका, पॅनलचे पैसे वेगळे मांडा.

आता पार्किंग. स्वतःच्या कंपाउंडमध्ये लावता येत नसेल तर पुढचं वाचूच नका, पेठेतल्या बोळात खिडकीतनं एक्स्टेन्शन सोडून चार्ज करणं म्हणजे आगीला आमंत्रण. मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगल्या कंपनीचं १५ अँपिअरचं सॉकेट घ्या. मी आधी गिझरच्याच जुन्या लाईनवर चालवलं, तिसऱ्या आठवड्यात सॉकेट तपकिरी होऊन वितळायला लागलं. अर्थिंग पण तपासा. मागच्या एप्रिलमध्ये माझा चार्जर लाल दिवा लावून बसला, मी सर्व्हिस सेंटरला फोनवर फोन. इलेक्ट्रिशियन आला, मीटर लावला आणि म्हणाला, "साहेब, अर्थिंग वाळलंय तुमचं." दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओतलं, हिरवा दिवा लागला. सोलापुरात नळाला पाणी कधी येतंय ते तुम्हाला माहितीय, त्यातलं अर्थिंगला पाजायची वेळ आली.

मेंटेनन्सला ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाही, ब्रेक पॅड पण जास्त टिकतात कारण गाडी मोटरनंच बरीच आवरते. टायर मात्र लवकर झिजतात, बॅटरीचं वजन असतंय. इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टीला १५ टक्के सूट आहे, पण गाडीची किंमत जास्त म्हणून बाकीचा प्रीमियम वर जातो, दोन्हीचं कोटेशन मागवा आणि बॅटरीला पाणी लागलं तर काय, हे लेखी विचारा.

बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, पण ती दुसऱ्या मालकाला लागते का ते वाचा, विकताना तिथंच भाव ठरतो. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत गाडी उन्हात फुल चार्ज करून आठवडाभर सोडू नका.

पुण्याला सारखं जाणं असेल तर २५० किलोमीटर आहे, हायवेला शंभरच्या पुढं पळवली की रेंज भराभर उतरते, वाटेत एकदा फास्ट चार्जिंग धरा आणि तिथं युनिटचा दर घरापेक्षा जास्त, वर १८ टक्के जीएसटी. टोलमाफी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूला आहे, आपल्या सोलापूर-पुणे रस्त्याला धरून हिशोब करू नका.

आणि हो, हा सगळा हिशोब पेट्रोलशी झाला. सीएनजीशी करून बघा, तिथं बचत अजून कमी होते. दाजींना मी तेच सांगितलं. ते म्हणाले, "मग आवाज येत नाही त्याचं काय?" त्याला माझ्या वहीत रकाना नव्हता. सध्या त्यांचं घरासमोर पत्र्याचं शेड मारायचं चाललंय.