घाणेरी काढताना या चुका टाळा

घाणेरी म्हणजेच टणटणी ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती. 19व्या शतकाच्या आरंभी ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली आणि बागा व कुंपणांमधून देशभर पसरली. आज बालाघाटाच्या उतारांवर किंवा गौताळ्याच्या जंगलात तिची जाळी माजलेली दिसते, आणि जिथे ती दाट होते तिथे मारवेल, पवन्या ही गवते, तरवड आणि धावड्याची रोपे उजेडाअभावी मागे पडतात. शिवाय तिच्या पानामुळांतून उतरणारी द्रव्ये इतर बियांच्या उगवणीलाही मारक ठरतात.

पहिली चूक अंगणातच होते. रोपवाटिकेतली रंगीत, बुटकी घाणेरी निराळी आणि निरुपद्रवी आहे, असे समजून ती कुंडीत किंवा बांधावर लावली जाते. बागेतल्या अनेक जातींना फळे धरतात, बुलबुल आणि साळुंक्या ती खातात आणि बी थेट डोंगरापर्यंत पोहोचते. फुलपाखरे येतात म्हणून ती राखावी, हा युक्तिवादही अपुरा आहे, कारण मध कुठेही मिळतो, पण अळीला तिच्या ठराविक झाडाचेच पान लागते; त्यासाठी अंगणात तरवड, रुई आणि कोरांटी लावणे अधिक हिताचे. जनावरे तोंड लावू नयेत असे कुंपण हवे असेल, तर निर्गुडी उत्तम.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कोयत्याने जमिनीलगत छाटून काम संपले असे मानणे. खोड आणि मूळ जिथे मिळतात, तिथे मातीच्या किंचित खाली एक गाठाळ भाग असतो. कोंब तिथूनच फुटतात आणि एका खोडाच्या जागी चार-पाच उभे राहतात. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत याच गाठीवर बेतलेली आहे: कुदळीचा घाव या भागाच्या खाली, मुख्य मुळावर घालायचा, झाड उचलून उलटे करून ठेवायचे, म्हणजे गाठीला पुन्हा माती लागत नाही आणि ती वाळून जाते. मराठवाड्याच्या मुरमाड जमिनीत हे काम उन्हाळ्यात करणे म्हणजे मजुरी वाया घालवणे होय; चांगला पाऊस होऊन माती मऊ झाल्यावर, परंतु फळे हिरवी असताना, काळी पडण्यापूर्वी ते उरकावे. फळे पिकलेली असतील, तर ती आधी गोणीत खुडून घ्यावीत. काढलेली झुडपे ओढ्यात टाकू नयेत.

जाळून टाकण्याचा मोह तर मुळीच धरू नये. आगीने वरचा भाग जातो, पण गाठ जिवंत राहते आणि मोकळ्या, उजेडाच्या जागेत घाणेरी पुन्हा जोमाने फुटते. गवत आणि स्थानिक झाडांची लहान रोपे मात्र होरपळतात.

टंचाईच्या वर्षी चारा नसला की भुकेली गुरे तिची पाने खातात, हे पशुपालकांनी विशेष ध्यानात ठेवावे. तिच्यातील विषामुळे यकृत बिघडते, डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात, आणि उन्हात उभ्या जनावराच्या नाकपुड्या व पांढऱ्या अंगावरची कातडी भाजल्यासारखी होते. अशा जनावराला आधी सावलीत बांधावे आणि घरगुती उपायांत दिवस न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे.

मोकळी झालेली जमीन तशीच सोडणे ही शेवटची, पण नेहमीची चूक. तिथे त्याच पावसाळ्यात मारवेल किंवा पवन्याचे बी टाकावे आणि सुरुवातीला चराई बंद ठेवावी. पाखरे ज्या झाडांवर बसतात, त्यांच्या खाली नवी रोपे हमखास सापडतात. पुढचे दोन-तीन पावसाळे तिथे फेरी मारावी आणि रोप बोटभर असतानाच मुळासकट उपटावे. चौकोनी खोड, समोरासमोर खरखरीत पाने आणि पान चुरगळताच येणारा उग्र वास, एवढ्यावर ते ओळखता येते.