खाऱ्या वाऱ्यातलं ब्रॅकेट: भोक केवढं, बोल्ट कुठला

देवगड-मालवणकडे गच्चीवरचं सोलरचं स्ट्रक्चर दोन-तीन पावसाळ्यांनंतर जवळ जाऊन बघा. अँगल धड असतो, पण एखाद्या भोकातून तपकिरी ओघळ उतरलेला दिसतो. बहुतेक वेळा ते भोक साइटवर वाढवलेलं असतं. जस्ताचा थर तिथेच फाटतो आणि खारी हवा आत शिरते. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांनी एवढं पक्कं धरावं: भोक ड्रॉइंगवर ठरतं आणि गॅल्वनायझिंगच्या, म्हणजे जस्ताचा थर चढवण्याच्या, आधी पडतं.

आयएस 800 या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे एम 12 ला, म्हणजे 12 मिमी व्यासाच्या बोल्टला, 13 मिमीचं भोक, एम 16 ला 18 आणि एम 20 ला 22 मिमी. यात एम 12 सर्वात जास्त छळतो. 1 मिमीच मोकळीक, त्यात भोकाच्या कडेला जस्ताचा थेंब थिजला की बोल्ट अडतो. 14 चं भोक हवं असेल तर डिझाइन करणाऱ्याकडून आधीच मंजूर करून घ्या, ग्राइंडर हातात घेऊन नव्हे. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर कातरलेल्या किंवा हाताने गॅसने कापलेल्या कडेला भोकाच्या व्यासाच्या किमान 1.7 पट लागतं, म्हणजे 18 च्या भोकाला साधारण 31 मिमी. मशीनवर गॅसने कापलेल्या, करवतीने कापलेल्या किंवा रोल केलेल्या कडेला 1.5 पट चालतं. दोन बोल्टमधलं अंतर बोल्टच्या व्यासाच्या किमान अडीच पट.

मापं जुळवायला स्लॉट, म्हणजे लांबट भोक, द्यायचा तर एकाच भागात द्या, दुसऱ्यात गोल भोक ठेवा. वजन खाली येत असेल तर स्लॉट आडवा हवा. उभ्या स्लॉटमध्ये बोल्ट जरा ढिला पडला की ब्रॅकेट घसरतं. वर स्लॉट पूर्ण झाकणारा जाड प्लेट वॉशर घाला.

बोल्टची लांबी मोजून घ्या. 6 मिमीच्या दोन प्लेटा, दोन वॉशरचे 5, नटाचे 11 आणि बाहेर दोन आटे धरले की एम 12 चा हिशेब साडेएकतीसच्या आसपास जातो. 35 चा बोल्ट घ्यावा. हॉट-डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या, बोल्टला त्याच्याच जोडीचा नट लागतो, कारण त्या नटाचे आटे मोठे पाडलेले असतात. साधा नट बसत नाही म्हणून बोल्टवर आटे पाडायची डाय फिरवली तर जस्तच निघून जातं.

समुद्राला लागून असाल तर 304 पेक्षा 316 ग्रेडचं स्टेनलेस बरं. पण त्याचा नट इम्पॅक्ट गनने आवळू नका. आटे एकमेकांत रुततात आणि नट ना पुढे जातो ना मागे. शेवटी बोल्ट कापावा लागतो. अँटी-सीझ (आटे रुतू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावून पान्ह्याने सावकाश आवळा. स्टेनलेसच्या ब्रॅकेटला जस्त लावलेला बोल्ट मात्र कधीच नको. छोटा बोल्ट मोठ्या पत्र्यापायी झपाट्याने झिजतो.

भिंत चिऱ्याची असेल तर एक्स्पान्शन अँकर टाळा. जांभा सच्छिद्र असतो, अँकर फुलला की दगडच चुरतो. आरपार स्टड (आटे पाडलेली सळई) घालून मागे रुंद प्लेट द्या, नाहीतर आरसीसी बीम शोधा. तिथे केमिकल अँकरच्या, म्हणजे भोकात केमिकल भरून चिकटवायच्या, एम 12 रॉडला 14 मिमीचं, 110 मिमी खोल भोक पाडा. आधी फुंका, मग ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. धूळ राहिली तर केमिकल काँक्रीटला न धरता धुळीलाच चिकटतं.