मित्रांकडे जर्मनीला जाताना खाऊ काय न्यावा

मार्चच्या सुट्टीत बडोद्याहून मित्रांकडे जर्मनीला निघालं की घरचे प्रेमाने पेढे, श्रीखंड, साजूक तूप बांधून देतात. कस्टम तपासणीत सापडलं तर ते जातं: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत.

१. भाकरवडी, कोरडा चिवडा, मेतकूट, गोडा मसाला न्या.
२. दुकानातलं सीलबंद पाकीटच घ्या. त्यावरची घटकांची यादी नीट वाचा. दूध पावडर किंवा तूप दिसलं तर दुसरं घ्या.
३. लोणचं चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत. केबिन बॅगेत १०० मिलिलिटरची मर्यादा आहे.

ताजा कढीपत्ता मात्र नकोच, मित्रांनी कितीही आग्रह केला तरी. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय तो चालत नाही.